लघुग्रहाचा शोध लागतो की लावतात?

एका लेखाचं मराठी करताना अडले आहे. लेख सेरेस या पहिल्या सापडलेल्या लघुग्रहाबद्दल आणि तो पाहणारा इटालियन खगोलशास्त्रज्ञ पियाझ्झी याच्याबद्दल आहे. 'पियाझ्झीने सेरेसचा शोध लावला' या वाक्यातला 'लावला' खोडून तपासणाऱ्यांनी 'लागला' केलं. त्यांच्या मते शोध 'लावतात' तो यंत्राचा, आकाशातल्या वस्तूचा 'लागतो'. हे बरोबर आहे का? शिवाय ॲस्टेरॉइडला लघुग्रह, क्षुद्रग्रह की अशनी म्हणावं?

—

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर आधी देतो: लघुग्रह. 'क्षुद्र' म्हणजे संस्कृतात लहानही होतो आणि हिंदीत क्षुद्रग्रह रुळलेला आहे, पण मराठी कानाला त्यात हलकेपणा ऐकू येतो. 'अशनी' तर नकोच. अवकाशात, बहुतेक वेळा मंगळ आणि गुरू यांच्यामधल्या पट्ट्यात, फिरतोय तोवर तो लघुग्रह. त्याचा तुकडा आपल्या वातावरणात पेटलेला दिसला की उल्का, आणि जमिनीवर येऊन पडला की अशनी. व्हेस्टा हा सुमारे ५२५ किमी व्यासाचा लघुग्रह. त्याच्या दक्षिण ध्रुवाशी जवळजवळ ५०० किमी रुंदीचं विवर आहे. असल्या आघातांत उडालेले त्याचे तुकडे पृथ्वीवर मिळालेत, त्यांना मात्र अशनीच म्हणायचं.

आता 'शोध'. यंत्र आणि वस्तू असा भेद मला पटत नाही. गुरुत्वाकर्षणाचा शोध न्यूटनने 'लावला' असंच आपण म्हणतो, आणि ते काही यंत्र नव्हे. फरक कर्त्याचा आहे. 'लावला' म्हटलं की श्रेय माणसाकडे जातं, 'लागला' म्हटलं की घटना पुढे येते आणि माणूस मागे सरतो. म्हणूनच 'पियाझ्झीने शोध लागला' हे व्याकरणातच बसत नाही. क्रियापद बदललंत तर 'ने'सुद्धा बदलावा लागेल: 'पियाझ्झीला सेरेसचा शोध लागला'.

आणि इथे तेच जास्त खरं आहे. मंगळ-गुरूमधला ग्रह हुडकायला खगोलशास्त्रज्ञ फॉन झाख आणि त्यांचे सहकारी आकाश वाटून घेत होते, म्हणजे शोध 'घेत' होते ते. पियाझ्झी इटलीतल्या पालेर्मोत ताऱ्यांची यादी करत होता. १ जानेवारी १८०१ च्या रात्री त्याने एका अंधूक ठिपक्याची जागा नोंदवली. दुसऱ्या रात्री ठिपका तिथे नव्हता, किंचित सरकला होता. तारा असा सरकत नाही. आधी त्याने तो धूमकेतू म्हणूनच जाहीर केला, पण त्याला ना शेपटी होती ना धूसर कडा.

—

पण मग गणितज्ञ गाउसचं काय? पियाझ्झीला जेमतेम ४१ दिवसांच्या नोंदी मिळाल्या, ११ फेब्रुवारीनंतर सेरेस सूर्याच्या उजेडात गेला आणि हरवला. कुठे पाहायचं ते २४ वर्षांच्या गाउसने गणिताने सांगितलं. त्यानुसार डिसेंबरअखेर फॉन झाखला तो दिसला. मला तर 'शोध लावला' हे गाउसच्याच नावावर शोभतं असं वाटतं.

—

मुद्दा मोलाचा आहे, तरी मी तिथे 'माग काढला' म्हणेन. वस्तू आहे हे ठाऊक होतं, ठावठिकाणा नव्हता. खगोलशास्त्रज्ञ ओल्बर्सने १८०७ मध्ये व्हेस्टा मिळवला तो मात्र नेमका असल्याच गोलांच्या पाळतीवर राहून, त्याला 'शोधून काढला' हेच हवं. आणि १८९१ मध्ये खगोलशास्त्रज्ञ माक्स वोल्फने छायाचित्राच्या काचेवर ब्रुसिया हा लघुग्रह पकडला. अशा काचेवर तारे ठिपके उमटतात आणि लघुग्रह सरकतो म्हणून त्याची बारीक रेघ उमटते. तिथे 'टिपला' इतका चपखल शब्द दुसरा नाही.

तुमच्या वाक्यापुरतं, लेख श्रेयाबद्दल असेल तर 'पियाझ्झीने शोध लावला' राहू द्या, ते अशुद्ध नाही. त्या रात्रीबद्दल असेल तर 'पियाझ्झीला सेरेस सापडला' लिहा.