डिझेल पिकअपचा सायलेन्सर कापून आवाज वाढवणे योग्य आहे का?

धागाकर्ता
इसुझू व्ही-क्रॉससारख्या डिझेल पिकअपचा सायलेन्सर कापून त्या जागी सरळ पाइप बसवून घेण्याची हौस आमच्या शहरात वाढू लागली आहे, आणि माझा तिला स्पष्ट विरोध आहे. रात्री अकरानंतर अशी एक गाडी सोसायटीच्या फाटकातून आत वळते, तेव्हा तळमजल्यावरच्या खिडक्यांची तावदाने थरथरतात आणि पार्किंगमधल्या इतर गाड्यांचे अलार्म वाजू लागतात. ध्वनिप्रदूषण नियम, २००० प्रमाणे निवासी भागात रात्री दहा ते सकाळी सहा या वेळेत मर्यादा ४५ डेसिबल आहे. हा वैयक्तिक आवडीचा प्रश्न मानता येणार नाही.

सह्यवाटा
आपला त्रास खरा आहे, पण सगळ्यांना एकाच तराजूत तोलणे मला मान्य नाही. मी स्वतः पिकअपचा मागचा मफलर, म्हणजे सायलेन्सरचा आवाज दाबणारा डबा, बदलून घेतला आहे. घुमणारा आवाज कमी करणारा रेझोनेटर आणि काजळी गाळणारा डीपीएफ मात्र जागेवरच आहेत. नाक्यावर अडवतात तेव्हा आवाज मोजणारे यंत्र क्वचितच असते आणि सायलेन्सर कंपनीचा नाही एवढे पाहूनच पावती फाडली जाते. वरातीतल्या डीजेला मोकळे रान आणि आम्हाला दंड, हे कुठले न्यायाचे? आधी मोजा, मग दंड करा.

धागाकर्ता
डीजेही आवरलाच पाहिजे. पण त्याच्या उपद्रवाने आपला उपद्रव माफ होत नाही. मोटार वाहन कायद्याच्या कलम १९०(२) नुसार आवाजाचे मानक मोडल्यास पहिल्याच गुन्ह्याला तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा १०,००० रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही होऊ शकतात. मोजमाप व्हावे, हे मात्र मलाही पटते.

गॅरेजवाला
माझा धंदाच हा असल्याने थोडे सविस्तर लिहितो. इंजिनात जास्त हवा कोंबणारा टर्बोचार्जर फिरतो तो बाहेर पडणाऱ्या वायूंच्या जोरावर, आणि त्यांची धडक बरीचशी टर्बाइनच्या पात्यांवरच विरते. त्यामुळे चार सिलिंडरच्या डिझेल पिकअपमधून मोठ्या पेट्रोल व्ही-८ (आठ सिलिंडरच्या) इंजिनासारखा खर्ज निघतच नाही. मफलर उघडून पाहिला तर आत भोके पाडलेली नळी, आडवे पडदे आणि काही प्रकारांत नळीभोवती काचतंतूंचे अस्तर दिसते. हे सारे कापून टाकल्यावर हाती लागतो तो घोगरा, फाटका आवाज, आणि महामार्गावर ठरावीक वेगाला केबिनमध्ये सतत भरून राहणारी घरघर, जिला कंटाळून कित्येक मालक जुना मफलर परत बसवून मागतात. नुसता मागचा मफलर काढून जाणवण्याइतकी ताकद वाढत नाही. ती वाढते असे सांगून पाइप विकणे ही ग्राहकाची फसवणूक आहे. बीएस-६ या प्रदूषण मानकाच्या गाडीचा डीपीएफ काढणारे तर काजळी थेट लोकांच्या फुप्फुसात सोडतात. पुण्या-नागपुरात जप्त केलेल्या सायलेन्सरांवर रोडरोलर फिरवला गेला, पण कापणारा आणि जोडणारा कारागीर सहसा मोकळाच राहतो. दंड त्यालाही व्हावा.

सह्यवाटा
डीपीएफबाबत मी पूर्णपणे आपल्या बाजूने आहे आणि गॅरेजला दंड होण्यासही माझी हरकत नाही. मात्र युरोपात बदली सायलेन्सरची चाचणी होऊन त्याला मान्यता मिळते. तशी सोय पुण्याच्या एआरएआयसारख्या वाहनचाचणी संस्थेमार्फत येथे सहज मिळू लागली, तर हौशी माणूस चोरवाटेला कशाला जाईल?

धागाकर्ता
मान्यताप्राप्त सायलेन्सरला माझा विरोध नाही. परंतु आवाज दहा डेसिबलने वाढला की ध्वनीची ऊर्जा दहापट होते, हे ध्यानात घेऊन त्याची मर्यादा मूळ सायलेन्सरइतकीच असावी. तोवर आपला जुना मफलर जपून ठेवला असेल, तर तो पुन्हा बसवून घ्यावा, ही विनंती.