१० कोटी डॉलर भरले आणि खटला बंद : एक्लस्टन प्रकरणात न्याय झाला का?

वळणवाट (धागालेखक)

दिल्लीजवळच्या बुद्ध सर्किटवर २०११ ते २०१३ अशा तीन शर्यती झाल्या, तेव्हापासून आपल्याकडे फॉर्म्युला वन या मोटारशर्यतीवर भरभरून बोललं जातं. पण या खेळाचा धंदा ज्यांनी उभा केला, त्या बर्नी एक्लस्टन यांच्यावरच्या म्युनिकमधल्या खटल्याचा विषय निघाला की "जुनी गोष्ट आहे, सोडा" असं ऐकायला मिळतं. मला ती सोडवत नाही.

थोडक्यात प्रकरण असं. किर्श हा जर्मन माध्यमसमूह २००२ मध्ये बुडाला आणि त्याचा फॉर्म्युला वनमधला हिस्सा कर्ज देणाऱ्या बँकांकडे आला. त्यातला सुमारे ४७ टक्के बायर्न एलबी या बव्हेरिया राज्याच्या (जर्मनी) सरकारी बँकेकडे होता. बँकेच्या वतीने तो सांभाळत होते गेऱ्हार्ड ग्रिब्कोव्स्की. २००५-०६ मध्ये हा हिस्सा सीव्हीसी या गुंतवणूक कंपनीला विकला गेला आणि ग्रिब्कोव्स्कींना एक्लस्टन यांच्या बाजूने सुमारे ४ कोटी ४० लाख डॉलर मिळाले. सरकारी पक्षाचं म्हणणं, ही लाच होती, एक्लस्टन यांची खुर्ची राखणारा मालक यावा म्हणून दिलेली. एक्लस्टन यांचं म्हणणं, ही खंडणी होती. कुटुंबाच्या ट्रस्टबद्दल ब्रिटिश करखात्याला काहीबाही सांगण्याची धमकी मिळाली, म्हणून पैसे दिले.

ग्रिब्कोव्स्कींनी कोर्टात कबुली दिली आणि जून २०१२ मध्ये त्यांना साडेआठ वर्षांची शिक्षा झाली. एक्लस्टन यांचा खटला त्याच न्यायाधीशांसमोर, पेटर नोल यांच्यासमोर, एप्रिल २०१४ मध्ये उभा राहिला. दोष सिद्ध झाला असता तर दहा वर्षांपर्यंत तुरुंगवास होता. ५ ऑगस्टला १० कोटी डॉलर भरायचं ठरलं आणि खटला थांबला. ९ कोटी ९० लाख सरकारी तिजोरीत, १० लाख आजारी मुलांसाठीच्या संस्थेला. ना दोषी, ना निर्दोष.

माझं मत स्पष्ट आहे. एकाच व्यवहारात घेणारा गजाआड आणि देणारा पैसे भरून मोकळा, हे कायद्याच्या चौकटीत बसत असेल, पण न्यायात बसत नाही.

काळा कोट

असहमत. पैसे भरून खटला थांबवण्याची सोय देणारं, जर्मन फौजदारी प्रक्रियेतलं कलम १५३अ वाचलंत तर चित्र बदलेल. त्यात सरकारी वकील, आरोपी आणि कोर्ट अशा तिघांची संमती लागते. एकट्या आरोपीने थैली सोडली आणि काम झालं, असं होत नाही. आणि तोवर आलेल्या पुराव्यावर दोषसिद्धीची फारशी शक्यता दिसत नाही, असं कोर्टानेच म्हटलं होतं. अडचण अशी की बायर्न एलबी सरकारी बँक असल्यामुळे ग्रिब्कोव्स्की लोकसेवक ठरत होते, पण समोरचा माणूस लोकसेवक आहे हे एक्लस्टन यांना ठाऊक होतं का, तेही सिद्ध करावं लागणार होतं. लंडनच्या व्यापाऱ्याला बव्हेरियातली कुठली बँक सरकारी, हे माहीत असलंच पाहिजे असं तुम्ही कशाच्या बळावर म्हणणार?

संशयाचा फायदा आरोपीला मिळतो, मग तो अब्जाधीश असो वा हमाल.

माजी बँकर

काळा कोट, तुमचा मुद्दा लाचेच्या व्याख्येपुरता ठीक आहे. पण पैसा कसा फिरला ते बघा. व्यवहार ठरवल्याबद्दल बायर्न एलबीने एक्लस्टन यांना ४ कोटींहून जास्त डॉलर कमिशन दिलं, शिवाय कुटुंबाशी संबंधित बाम्बिनो ट्रस्टलाही अडीच कोटी. हे कमिशन द्यावं असं बँकेत पटवणारे कोण, तर ग्रिब्कोव्स्की. आणि त्यांच्याकडे आलेला पैसा सल्ल्याच्या फीच्या नावाखाली मॉरिशस आणि ब्रिटिश व्हर्जिन आयलंड्समार्गे ऑस्ट्रियातल्या त्यांच्या प्रतिष्ठानात पोचला.

मी कर्जविभागात नोकरी केलेली आहे. ज्याच्या सहीने कमिशन मंजूर होतं, त्याच्याच खिशात समोरच्या पक्षाचे पैसे येतात, हे कागदावर दिसलं की पुढे कुणी व्याख्या विचारत बसत नाही. खंडणी घेणाऱ्याने धमकी दिलेल्या माणसाला वर कमिशन मिळवून द्यावं, ही गोष्ट मला तरी पटत नाही.

इझारकाठ

म्युनिकमध्ये राहतो म्हणून लिहितो. कलम १५३अ हे श्रीमंतांसाठी काढलेलं कलम नाही. दुकानातली किरकोळ चोरी, शेजाऱ्याशी झालेली मारामारी, अशी प्रकरणं इथे रोज एखाद्या संस्थेला काहीशे युरो देऊन मिटतात. माणसाच्या नावावर गुन्हा लागत नाही, कोर्टाचा वेळ वाचतो. चांगली सोय आहे.

पण हीच सोय वर वर चढत गेली. २००१ मध्ये माजी चॅन्सेलर हेल्मुट कोल यांचं पक्षनिधीचं प्रकरण ३ लाख मार्क भरून मिटलं. २००६ मध्ये मानेसमान कंपनीच्या बोनस प्रकरणात डॉइश बँकेचे प्रमुख योसेफ आकरमान ३२ लाख युरो भरून सुटले. मग एक्लस्टन. माजी कायदामंत्री लॉइटहॉयसर-श्नारेनबेर्गर यांनी उघड नाराजी व्यक्त केली होती. त्याच वर्षी मार्चमध्ये याच शहरात, बायर्न म्युनिक फुटबॉल क्लबच्या उली ह्योनेस यांना करचुकवेगिरीसाठी साडेतीन वर्षांची शिक्षा झाली होती. त्यामुळे इथे सगळेच धनदांडगे सुटतात असंही नाही. तरी माझा कौल वळणवाट यांच्याकडे. किरकोळ गुन्ह्यासाठीचं कलम दहा वर्षांच्या गुन्ह्याला लावू नये.

पोल पोझिशन

त्र्याऐंशी वर्षांचा माणूस, आठवड्यातून दोनच दिवस चालणारा खटला, बहुतेक साक्षीपुरावे कागदांवरचे. अजून वर्षभर चालला असता आणि शेवटी निर्दोष सुटला असता तर बव्हेरियाच्या करदात्याला काय मिळालं असतं? उलट वकिलांचा खर्च. त्यापेक्षा सरकारी तिजोरीला आणि आजारी मुलांच्या संस्थेला मिळून १० कोटी मिळाले ते बरं. कायद्यातल्या मार्गाने सुटलेल्या माणसाला आपण पुन्हा पुन्हा आरोपीच्या पिंजऱ्यात का उभं करायचं?

वळणवाट

कारण त्या पिंजऱ्यात विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर आलंच नाही. लाच की खंडणी? एवढाच प्रश्न होता. १० कोटी डॉलरमध्ये तो प्रश्नच विकत घेतला गेला.

फेब्रुवारी २०१४ मध्ये लंडनच्या हायकोर्टात एका जर्मन माध्यम कंपनीचा दावा फेटाळला गेला, पण न्यायाधीश न्यूई यांनी निकालात लिहिलं की दिलेले पैसे लाच होते आणि एक्लस्टन यांची साक्ष भरवशाची नाही. तो दिवाणी निकाल, मान्य. पण म्युनिकमध्ये पुढे तपासायला काही उरलंच नव्हतं, असं मग कसं म्हणायचं?

आणि ज्या करखात्याची भीती दाखवली म्हणून पैसे दिले असा बचाव होता, त्याच करखात्याच्या प्रकरणात ऑक्टोबर २०२३ मध्ये लंडनच्या कोर्टात त्यांनी फसवणुकीची कबुली दिली. २०१५ मधली चुकीची माहिती, सिंगापूरच्या ट्रस्टमधले ४० कोटी पौंडांहून जास्त. १७ महिन्यांची स्थगित शिक्षा, वर ६५ कोटी पौंडांहून जास्त भरणा.

काळा कोट

२०१५ च्या माहितीवरून २००५ ची लाच सिद्ध होत नाही. उलट करखात्याची धास्ती खरी होती, म्हणजे खंडणीच्या बचावाला बळ मिळतं, असाही युक्तिवाद मी करू शकतो.

पण एका बाबतीत तुमच्याशी सहमत. आपल्याकडे शिक्षेबाबत तडजोड करता येते, पण आधी गुन्हा कबूल करावा लागतो, आणि सात वर्षांहून जास्त शिक्षेच्या गुन्ह्यात ती सोय नाहीच. शिवाय २०१८ च्या दुरुस्तीनंतर भ्रष्टाचार प्रतिबंधक कायद्यात लाच देणाराही गुन्हेगार ठरतो. जबरदस्तीने द्यावी लागली असेल तर सात दिवसांत तक्रार करा, मगच संरक्षण. आपली अंमलबजावणी कशी होते हा वेगळा विषय, पण "मला भाग पाडलं" म्हणणाऱ्याने वेळेत सांगायला हवं, ही अट मला रास्त वाटते.

इझारकाठ

तसंच काहीसं इथेही हवं. पैसे भरून खटला थांबवायचा असेल तर निदान काय घडलं याचं निवेदन आरोपीने सही करून द्यावं, आणि ते जाहीर व्हावं.

पोल पोझिशन

मग कुठलाही मोठा आरोपी तडजोडीला तयारच होणार नाही. वकील सही करू देणार नाहीत.

वळणवाट

न होवो. खटला चालू राहील, साक्षीदार येतील, उलटतपासणी होईल. ग्रिब्कोव्स्कींना साडेआठ वर्षं ज्या गोष्टीसाठी झाली, ती नक्की कुणी सुरू केली हे तरी कोर्टाच्या कागदावर येईल.