डबलसीट फिरायला जुनी गाडी: डोमिनार की थंडरबर्ड?

ग्रुपवर एका मित्राने विचारलंय: लाखभराचं बजेट, नवरा-बायको दोघं, नागपूरहून पचमढी-चिखलदरा करायचंय आणि गाडं बजाजची डोमिनार ४०० की रॉयल एनफिल्डची थंडरबर्ड ३५०, कोणती मोटरसायकल घ्यायची यावर अडलंय. उत्तरं देणारे सगळे ताकदीवरच भांडताहेत. मागे कोण बसणार, हे कोणी विचारतच नाही!

माझं मत थंडरबर्डला. २० लिटरची टाकी आणि मागे पाठ टेकायला बॅकरेस्ट. डोमिनार पळते झकास, पण टाकी १३ लिटरची, आणि एकट्याने पळवायला ती जास्त मजेची. थंडरबर्ड २०२० मध्ये बंद झाली, तरी काम करणारे मिस्त्री गल्लोगल्ली आहेत.

पाहायला भल्या सकाळी जा आणि मालकाला आधीच बजावा, मी येईपर्यंत किक-सेल्फ काही मारू नका. इंजिनला हात लावून गार आहे ना ते बघा. गरम करून ठेवलेली गाडी सगळे रोग लपवते. मग मेन स्टँड असेल तर त्यावर लावून पुढचं चाक उचला आणि हँडल हळूहळू फिरवा. मधोमध खट्ट करून अडकलं, तर कोन सेट, म्हणजे हँडल ज्यावर फिरतं ते बेअरिंग, गेला समजा. मी हेच न बघता एका डीलरकडून गाडी उचलली आणि महिन्याभरात खर्चात पडलो. टायरवरचे चार आकडेही वाचा: २३१९ म्हणजे २०१९ चा २३ वा आठवडा. नक्षी शाबूत असली तरी असं रबर आपल्या उन्हात कडक झालेलं असतं.

आरसीवर बँकेचा बोजा दिसला तर तो उतरल्याशिवाय टोकनसुद्धा देऊ नका. आणि ट्रायलला वहिनींना मागे बसवूनच न्या, निदान वर्धा रोडवर अर्धा तास.