मांडीवर बाळ आणि हातात पुस्तक, कसं जमवता? मदत हवी आहे

नमस्कार मंडळी,
मी बडोद्याची, दांडिया बाजारात राहते. लेक सात महिन्यांची आहे. आधी आठवड्याला एक पुस्तक तरी व्हायचंच, आता महिनाभर एकच कादंबरी उशाशी पडून आहे. मला वाचनाची फार, फार आठवण येते.

वेळ म्हणाल तर दुपारी दूध पिताना ती झोपते, ती वीस-पंचवीस मिनिटं. पण डोकं डाव्या दंडावर, म्हणजे एकच हात मोकळा. जाड पुस्तक एका हातात उघडं राहत नाही, अंगठा भरून येतो. पान उलटलं की त्या आवाजानेही ती डोळे किलकिले करते. जागी असताना तर विचारूच नका, परवा पानाचा कोपरा ओला लगदा होऊन तिच्या मुठीत सापडला. तो वाचनालयाच्या पुस्तकाचा होता, मला फार वाईट वाटलं. रात्री मोबाइलवर वाचून पाहिलं, पण उजेडाने ती उठते.

सध्या जुने दिवाळी अंक काढलेत. हलके असतात, कथा एका बैठकीत संपते. मांडवीच्या सेंट्रल लायब्ररीत, सयाजीरावांनी १९१० मध्ये सुरू केलेल्या, मराठी पुस्तकं आहेत, पण बाळाला घेऊन निवांत निवडता येत नाही.

तर अनुभवी आयांनो, एका हाताने वाचायला काय सोयीचं? छोटेखानी, हलकी मराठी पुस्तकं सुचवाल का? रात्रीसाठी कुठला दिवा वापरता? आणि बडोद्यात कुणी पुस्तकं अदलाबदल करणार असेल तर नक्की सांगा, मी सासूबाईंकडे लेकीला ठेवून तासभर येऊ शकते.