छोट्या गाडीचं इंजिन ट्यून करून घेतलंत का? अनुभव लिहा

धागाकर्ता, पुणे (वॅगन आर १.० पेट्रोल, २०१९)

भाचा दोन महिने मागे लागलाय, "मामा, गाडी रिमॅप करून टाक." म्हणजे ईसीयूमधली, इंजिन चालवणाऱ्या कॉम्प्युटरमधली, फाईल बदलून ताकद वाढवायची. गाडीचे ७८ हजार किलोमीटर झालेत. रोज कोथरूड ते हडपसर आणि महिन्यातून एकदा साताऱ्याच्या पुढे गावाला. खंबाटकी घाटात चौघं बसलेले आणि एसी चालू असला की दुसऱ्या गिअरवर यावं लागतं, मागचा ट्रकवाला हॉर्न वाजवत राहतो. पूर्वी इतकी मंद नव्हती असंही वाटतं. ट्यूनरने बावीस हजार सांगितलेत.

ज्यांनी केलं, करून परत काढलं, किंवा दारापर्यंत जाऊन माघारी आले, सगळ्यांनी लिहा. गाडी कोणती, खर्च किती आणि नंतर काय बिघडलं तेही. जाहिरातीतले आकडे मला पाठ झालेत, ते नकोत.

चिपळूण (स्विफ्ट डिझेल, २०१३)

माझं कामच चिपळूण-कराड, आठवड्यातून दोनदा कुंभार्ली घाट. हे १.३ मल्टीजेट ज्याने चालवलंय त्याला त्याचा स्वभाव माहीत आहे. दोन हजार आरपीएमच्या खाली झोपलेलं, वर गेलं की एकदम ढकलतं. ट्यूनर म्हणाला, हेच इंजिन एर्टिगात ९० पीएसचं (म्हणजे घोड्यांचं) आहे, तुमच्याकडे ७५, म्हणजे ताकद आतच आहे, फक्त कुलूप लावलंय. मला पटलं. नंतर कळलं की ९० वाल्याचा टर्बोच, म्हणजे इंजिनात हवा कोंबणारा पंखाच, वेगळा असतो, पात्यांचा कोन बदलणारा. कुलूप वगैरे काही नाही.

असो. ओबीडी पोर्टला (गॅरेजवाले तपासणीचं यंत्र लावतात त्या सॉकेटला) लॅपटॉप लावला, मध्येच व्होल्टेज पडू नये म्हणून बॅटरीला चार्जर जोडून ठेवला, पाऊण तासात काम झालं. अठरा हजार. घाटातला फरक विचाराल तर खोटं कशाला बोलू, पहिल्या दिवशी मी एकटाच गाडीत हसत होतो. ज्या वळणावर दरवेळी पहिला टाकायचो तिथून दुसऱ्यावर निघाली.

आठ महिन्यांनी पाटणच्या अलीकडे उसाच्या ट्रॉलीला ओव्हरटेक करताना चौथ्यात पेडल दाबलं. काटा तीन हजारावर गेला, गाडी आहे तिथेच. पुन्हा मागे येऊन ट्रॉलीच्या बुडाशी. क्लच स्लिप. १ लाख १० हजारला क्लच जाणं नवल नाही म्हणा, पण वाढीव टॉर्क, म्हणजे इंजिनाचा फिरवायचा जोर, त्याच जुन्या प्लेटवर चालला होता. क्लच सेट आणि मजुरी मिळून तेरा हजार. शिवाय चढाला मागे काळा धूर. पीयूसीवाल्याने नुसती मान हलवली. मग ट्यूनरकडून सौम्य फाईल टाकून घेतली. धूर गेला, मजाही निम्मी गेली. मायलेज २० चं २१ झालं, तेही मी एकटा असलो तर.

कोल्हापूर

वरच्या ट्रॉलीच्या प्रसंगावर अंगावर काटा आला भावा. वाचतोय.

सांगली (गॅरेज आहे)

मी रिमॅप करत नाही, त्यामुळे माझा काही स्वार्थ नाही. धागाकर्त्या दादांनी एवढंच लक्षात घ्यावं की चिपळूणकरांच्या गाडीला टर्बो आहे, तुमच्या गाडीला नाही.

टर्बो असला की ईसीयूला सांगता येतं, अजून हवा कोंब. हवा वाढली की इंधन वाढवता येतं, आणि ताकद येते ती तिथून. तुमच्या ९९८ सीसीच्या तीन सिलिंडरांत हवा येते ती पिस्टन ओढेल तेवढीच. लॅपटॉपने ती वाढत नाही. मग फाईलमध्ये हात लावायला उरतं काय? ठिणगी एखाददोन अंश अलीकडे आणायची, मिश्रण थोडं इकडेतिकडे करायचं. ६८ पीएसचे फार तर ७२ होतील. चार घोडे बावीस हजाराला, म्हणजे घोडा साडेपाच हजाराला पडला. आणि ठिणगी जास्त अलीकडे आणली तर साध्या पेट्रोलवर, चढाला, लोड असताना इंजिन नॉक करायला, म्हणजे आतून ठोकायला लागतं. कंपनीने थोडी मोकळी जागा ठेवलेली असते ती पंपापंपावरचं पेट्रोल आणि मे महिन्यातलं ऊन पाहून. ती आळशीपणाने ठेवलेली नसते.

पेडल बॉक्स नावाची एक डबी पण मिळते. ती पेडल आणि ईसीयूच्या मध्ये बसते. तुम्ही अर्धं पेडल दाबलं की इंजिनाला वाटतं पाऊण दाबलं. गिऱ्हाईक खूश, ताकद तीच. पाय जरा जास्त दाबला तर डबीचे पैसे वाचतात.

ठाणे (छोटी टर्बो पेट्रोल हॅचबॅक, २०२०)

माझी फजिती लिहितो. पंचवीस हजार देऊन स्टेज वन, म्हणजे पार्ट न बदलता नुसतं रिमॅप, करून घेतलं. फरक खरंच होता, तिसऱ्यात घोडबंदरला गाडी सुटायची. मित्रांना फिरवून आणलं, बायकोलाही. ती म्हणाली, "आधीपण अशीच होती ना?"

चार महिन्यांनी सर्व्हिसिंगला दिली. नंतरचे तीन आठवडे मी तशीच मिरवत चालवत होतो. मग ट्यूनरकडे एका मित्राची गाडी घेऊन गेलो, सहज माझीही फाईल वाचून घेतली. तो म्हणाला, साहेब, ही तर ओरिजिनल आहे. सर्व्हिसिंगमध्ये ईसीयूचं सॉफ्टवेअर अपडेट झालं होतं आणि आमचं रिमॅप पुसलं गेलं होतं. तीन आठवडे मी कंपनीच्याच ताकदीवर खूश होतो.

परत टाकून घेतलं का? घेतलं. फुकट होतं.

दादर (वय ७४)

आमच्या काळी ट्यूनिंग म्हणजे काय ते ऐका. माझी पद्मिनी होती, १०८९ सीसी, चाळीस घोड्यांची. दर चार-पाच हजार किलोमीटरला गाडी 'ट्यूनिंगला' टाकावी लागे, कारण ती आपसूकच बेसूर व्हायची. पॉइंट घासले जायचे, प्लगवर काजळी, टॅपेट सैल, कार्बोरेटरच्या जेटमध्ये कचरा. आमचा मिस्त्री हॅकसॉच्या पात्याने प्लगचा गॅप बघायचा आणि लांब स्क्रूड्रायव्हरची मूठ कानाला लावून टॅपेट ऐकायचा. मग डिस्ट्रिब्यूटर हाताने केसभर फिरवायचा, थांबायचा, पुन्हा फिरवायचा. आम्ही बाजूला चहा घेऊन उभे. एका क्षणी इंजिनाचा आवाज असा काही बसायचा की तो न बोलता बॉनेट पाडायचा.

त्यातून ताकद वाढत नसे. हरवलेली परत मिळे. तुमच्या गाडीची हरवली आहे की मुळातच नव्हती, हे आधी कुणी पाहिलं का?

श्टुटगार्ट (स्कोडा फाबिया १.० टीएसआय, ९५ पीएस)

इथली वेगळी तऱ्हा. चिप ट्यूनिंग करता येतं, पण त्याचं गुटाख्टन, म्हणजे तज्ज्ञाचा अहवाल, लागतो. मग टीयूफ या वाहन तपासणाऱ्या संस्थेकडे तपासणी, गाडीच्या कागदावर नोंद, आणि विमा कंपनीला कळवायचं. नोंद न करता चालवलं तर गाडीची रस्त्यावर चालायची परवानगीच जाते. सगळा हिशोब मांडला तर हजार युरोच्या वर जात होता, हप्ता वाढणार तो वेगळाच. मी रोज ऑफिसला ट्रामने जातो. शेजारच्या आजोबांनी विचारलं, "मग ट्यूनिंग कशाचं, ट्रामचं?" माघारी आलो.

नागपूर (विम्याचा सर्व्हेअर)

कागदाची बाजू मी सांगतो. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ मध्ये कंपनीच्या मूळ नोंदीपेक्षा वेगळा ठरेल असा बदल करायला मनाई आहे. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये तेच ठासून सांगितलं. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने १८२अ आलं, त्यात नियमबाह्य बदल करणाऱ्या मालकाला एकेका बदलामागे पाच हजार दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद. रस्त्यावर फाईल कोणी तपासत नाही, हे खरं. पण मोठ्या क्लेममध्ये वायरिंगला लटकणारी ट्यूनिंगची डबी मी स्वतः पाहिली आहे. ती दिसली की फोटो काढणं हे माझं काम आहे. पुढे काय होतं ते क्लेमवाल्याला विचारा, मला शिव्या देऊ नका. सीएनजी किटसुद्धा आरसीवर आणि पॉलिसीवर चढवलेलं नसलं की लोक अडकतात, मग हे तर लपवलेलंच असतं.

नाशिक (ऑल्टो के१०, २०१६)

दादरच्या काकांचा प्रश्न माझ्याच गाडीला लागू होता, म्हणून लिहिते. रोज सिन्नर एमआयडीसीला जाते. ८५ हजारला गाडी अगदी मेली होती, मोहदरी घाट म्हणजे शिक्षा. एकाने मलाही रिमॅप सुचवलं होतं. आमच्या गल्लीतल्या गॅरेजवाल्या मामांनी आधी एअर फिल्टर काढून जमिनीवर आपटला. एवढी माती पडली की त्यात मेथी उगवली असती. प्लग मूळचेच होते. थ्रॉटल बॉडी, म्हणजे इंजिनाची हवेची झडप, काळी.

मग मला म्हणाले, "ताई, एक चक्कर मारून या, ब्रेक कमीत कमी लावा." आल्यावर म्हणाले, चारही रिमना हात लावा. तीन कोमट. पुढचा उजवा असा तापला होता की हात झटकन मागे घेतला. कॅलिपरची (ब्रेकचं पॅड दाबणाऱ्या भागाची) पिन अडकून पॅड डिस्कला कायम घासत होतं. म्हणजे कितीतरी महिने मी ब्रेक दाबून गाडी चालवत होते!

पिना साफ करून ग्रीस, नवे पॅड, प्लग, फिल्टर, थ्रॉटल बॉडी साफ, टायरमध्ये नीट हवा. एकूण ४,७०० रुपये. मायलेज १६ वरून १९ वर आलं आणि घाट पुन्हा तिसऱ्यावर चढते. बावीस हजार द्यायच्या आधी एकदा रिमना हात लावून बघाच, दादा.

चिपळूण

ताई, हे मला दोन वर्षांपूर्वी कोणी सांगितलं असतं तर!

धागाकर्ता, पुणे

आज हडपसरहून आलो तो मुद्दाम सावकाश, ब्रेक जपून. पार्किंगमध्ये भाच्याला फोन धरून उभा केला आणि एकेका चाकाजवळ वाकलो. मागची दोन्ही गार. पुढचं उजवं कोमट. पुढच्या डाव्याला बोट लावलं मात्र, भाच्याच्या व्हिडिओत माझी शिवी स्पष्ट ऐकू येते.