मदत हवी आहे: ऊन सहन होत नाही, गॉगल चालत नाही. दिसायला बरं असं दुसरं काय?

ऋतुजा_व
नमस्कार. उन्हात डोळे उघडे ठेवता येत नाहीत, पाणी येतं आणि संध्याकाळपर्यंत कपाळ ठणकायला लागतं. गॉगल घालणं शक्य नाही. त्याऐवजी काय वापरता येईल? लोकांसमोर वावरायचं असतं, त्यामुळे नीटनेटकं दिसायला हवं. क्रिकेटची टोपी, तोंडाला गुंडाळायचा स्कार्फ वगैरे नको. दिवसभर सारखी आत-बाहेर असते. ऑनलाइन काहीही शोधलं तरी फिरून गॉगलच दाखवतात. सुट्ट्यांची गर्दी सुरू होतेय, लवकर सांगा प्लीज.

किरण७१
गाव कुठलं? गाडी चालवता का? चष्मा आहे का? आणि गॉगल का शक्य नाही? हे कळल्याशिवाय काय सांगणार?

वैदर्भीय
ताई, उन्हाचं आम्हाला विचारा. नागपुरात २३ मे २०१३ ला ४७.९ होतं. इकडे सगळे दुपट्टा बांधतात. पांढरा, सुती, जरा लांब. ओला करून डोक्यावरून घ्यायचा आणि कपाळावर चार बोटं पुढे ओढायचा, डोळ्यांवर बरोबर सावली येते. खिशात एक कांदा ठेवायचा. ऊन लागत नाही.

अभिजित_प
कांदा खिशात ठेवून काहीही होत नाही. पाणी प्या, मीठ-साखर घ्या, दुपारी १२ ते ४ बाहेर पडू नका. आणि ४७ काय, मागे नागपुरात ५६ झालं होतं ना?

वैदर्भीय
ते ३० मे २०२४ चं. यंत्रातला बिघाड होता, हवामान खात्यानेच नंतर सांगितलं. ४७.९ हा खरा आकडा आहे. आणि कांद्याचं म्हणाल तर आमच्या घरी तीन पिढ्या ठेवतात.

मृण्मयी
ऋतुजा, फोटोक्रोमिक काचा घे. आत पांढऱ्या, बाहेर काळ्या. वेगळा गॉगल सांभाळायला नको. मी कित्येक वर्षं वापरतेय, दुसरं काही लागतच नाही.

ऋतुजा_व
दुपट्टा स्कार्फसारखाच झाला, तो नको म्हटलंय. फोटोक्रोमिक माझ्याकडे आहेत, त्यांचाच तर त्रास आहे. आत गेल्यावर काच लवकर पांढरी होत नाही आणि पायरी दिसत नाही. मागच्या आठवड्यात एका आजींचा हात धरून नेत होते, दोघी पडता पडता वाचलो.

किरण७१
कसली पायरी? कुठल्या आजी? अहो, काम काय करता तुम्ही?

ऋतुजा_व
वेरूळला गाईड आहे. मला वाटलं मी लिहिलंय. लेणी दाखवते, म्हणजे प्रत्येक लेण्यात आत आणि पुन्हा बाहेर. उन्हातून एकदम काळोखात, काळोखातून उन्हात. आणि गॉगल लावून बोललं की लोक ऐकत नाहीत हे मी रोज बघते. मी कुठे बघतेय ते त्यांना कळत नाही, मग त्यांचीही नजर भरकटते. शिल्प दाखवताना माझी नजर कुठे जातेय ते दिसायला हवं. चष्म्याचा नंबर उणे दीड, दोन्ही डोळ्यांना.

मृण्मयी
अगं, मग हे पहिल्याच पोस्टमध्ये लिहायचं ना!

काचवाला
माझं चष्म्याचं दुकान आहे, म्हणून जरा सविस्तर लिहितो. फोटोक्रोमिक काच अतिनील किरणांनी काळी होते, पण तिच्यावर तापमानाचाही परिणाम असतो. थंडीत ती गडद होते, उकाड्यात तेवढी होत नाही. म्हणजे एप्रिल-मेमध्ये, नेमकी गरज असते तेव्हा, ती कमी काम करते. पुन्हा पांढरी व्हायला काही मिनिटं लागतात आणि तुमचा सगळा त्रास त्या मिनिटांमध्येच आहे. गाडीत तर ती जवळपास काळी होतच नाही, कारण समोरची काच अतिनील किरण आधीच अडवते. हे गिऱ्हाइकांना कुणी सांगत नाही, मग ते आमच्याशी भांडायला येतात.

तुम्हाला हवा तो फिका टिंट, म्हणजे काचेवर चढवलेला हलका रंग. काचांना गडदपणाच्या श्रेणी असतात. श्रेणी ३ म्हणजे नेहमीचा गॉगल, त्यातून ८ ते १८ टक्के प्रकाश आत येतो. श्रेणी १ मधून ४३ ते ८० टक्के येतो. तपकिरी रंगात श्रेणी १ करून घ्या, तोही ग्रेडियंट, वर गडद आणि खाली फिका. समोरच्याला तुमचे डोळे दिसतात आणि पायरी तुम्ही खालच्या फिक्या भागातून बघता. तुमच्या नंबरात होईल. साधी सीआर-३९, म्हणजे प्लॅस्टिकची काच घ्या, तिच्यावर रंग छान चढतो, फक्त अतिनील अडवणारं यूव्ही ४०० चं कोटिंग आठवणीने मागा. पॉलिकार्बोनेट घेतली तर अतिनीलची काळजी नाही, पण रंग नीट चढत नाही.

देशमुख_स
टिंटबिंट सगळी फसवणूक आहे. पोलराइज्ड घ्या. मी समुद्रावर मासेमारीला जातो, पोलराइज्ड लावली की पाण्यावरची चकाकी गायब, खालचा मासा दिसतो. एकदा लावाल तर दुसरं घालणार नाही.

काचवाला
देशमुख साहेब, पाण्यावर आणि ओल्या रस्त्यावर पोलराइज्डला तोड नाही, मान्य. पण त्यांना मासा बघायचा नाहीये. लेण्यात पाणी नाही, कातळ आहे. आणि पोलराइज्ड म्हणजे गॉगलच झाला की.

ऋतुजा_व
पोलराइज्ड मैत्रिणीची लावून पाहिली होती. मी टॅबवर जुने फोटो दाखवते, टॅब आडवा धरला की स्क्रीन काळी. नाही चालणार. फिका टिंट मात्र मला कुणी सुचवलाच नव्हता.

सुलभाताई
बाळ, डोळ्यांत सुरमा घालत जा रात्री. थंडावा येतो आणि दिसतंही छान. माझ्या सासूबाई शेवटपर्यंत बिनचष्म्याच्या होत्या.

डॉ_मेघना
सुलभाताई, कृपा करून हा सल्ला देऊ नका. बाजारातल्या पुष्कळ सुरम्यांत शिसं असतं, ते शरीरात साठतं, मुलांना आणि गरोदर बायकांना तर फारच वाईट.

ऋतुजा, तुम्हाला थोडं विचारायचं आहे. हा त्रास आधीपासून आहे की हल्ली वाढला? दोन्ही डोळ्यांत सारखा आहे का? डोळा लाल होतो का? कपाळ ठणकतं तेव्हा मळमळतं का? डोळे कोरडे पडले असतील, अर्धशिशी असेल, बुबुळाला सूज असेल, तरीही उजेड असाच टोचतो. अर्धशिशी निघाली तर एफएल-४१ नावाचा गुलाबी छटेचा टिंट मिळतो, काही जणांना त्याचा चांगला उपयोग होतो. पण आधी तपासणी. आणखी एक: गडद काच सावलीतही लावून बसायची सवय लागली तर डोळे उजेडाला आणखी हळवे होतात.

ऋतुजा_व
दोन्ही डोळ्यांत सारखाच. लाल होत नाहीत, चुरचुरतात. मळमळ कधीतरी, जेवायला उशीर झाला की. मला वाटलं पित्त असेल.

डॉ_मेघना
मग डोळे आणि डोकेदुखी दोन्ही एकदा दाखवून घ्याच. पित्त म्हणून सोडून देऊ नका.

अभिजित_प
लेसिक करून टाका, चष्म्याची कटकटच जाईल.

डॉ_मेघना
लेसिकने नंबर जातो, ऊन लागणं जात नाही. उलट नंतर काही काळ डोळे कोरडे राहतात आणि उजेड जास्त टोचतो.

लेणीवेडा
वेरूळ माझं आवडतं ठिकाण, म्हणून राहवत नाही. तिथली लेणी पश्चिमाभिमुख आहेत. सकाळी तोंडाशी सावली असते, ऊन कड्याच्या मागून येतं. दुपार कलली की तेच ऊन थेट समोरून. म्हणजे उघड्यावर उभं राहून जे सांगायचं ते, कैलासाचं गोपूर, अंगणातले हत्ती, कीर्तिस्तंभ, सगळं सकाळी उरकायचं आणि दुपारी आतली लेणी घ्यायची. साधन बदलण्याआधी फेरीचा क्रम बदलून बघा. लोकांना सावलीत उभं करून आपणही सावलीतच उभं राहायचं.

ऋतुजा_व
दादा, तुम्ही हौसेने येता, मी लोकांच्या वेळेप्रमाणे येते. बरेच जण सकाळी दौलताबाद करून दुपारी आमच्याकडे पोचतात. शिवाय सगळ्यांना आधी १६ नंबरच, म्हणजे कैलासच, बघायचं असतं. एकाच कातळातून वरून खाली कोरलेलं म्हणून ऐकून आलेले असतात. सावलीत मी त्यांना उभं करतेच, पण मग शिल्पाकडे बोट दाखवायला मला उन्हात जावं लागतं. आणि मेमध्ये अंगणात सावली असते कुठे?

लेणीवेडा
तेही खरं. वेरूळ २० अक्षांशाच्या जवळपास आहे, त्यामुळे २० मेच्या आगेमागे शून्य सावली दिवस येतो, भर दुपारी सूर्य बरोबर माथ्यावर. त्या दिवशी कीर्तिस्तंभाची सावली बघायला मिळाली तर काय बहार येईल! कुणी फोटो काढलाय का?

किरण७१
फोटोचं नंतर बघू. पण यातून एक गोष्ट निघते. सूर्य माथ्यावर असेल तेव्हा रुंद कडेची टोपी सगळ्यात कामाची. समोरून तिरपं ऊन आलं की टोपी हरते, तिथे टिंट लागतो. म्हणजे दोन्ही हवं.

मीना_शिवणकाम
टोपीचा विषय निघाला म्हणून लिहिते. ऋतुजा, मी टोप्या शिवते. बाजारातल्या बहुतेक टोप्यांची कड अडीच इंचाच्या आतच असते, तिचा डोळ्यांना उपयोग नाही. निदान तीन इंच हवी, साडेतीन चालेल. त्याहून मोठी केलीस तर वाऱ्याने उडेल आणि मान वर करून शिल्प बघताना मागची कड पाठीला लागेल. मागच्या बाजूला दोन इंचच ठेव. सुती कॅनव्हास घ्यायचा, आत बकरम, म्हणजे आकार धरून ठेवणारं कडक कापड, घालायचं आणि कडेवर अर्ध्या अर्ध्या इंचावर गोल शिलाया मारायच्या, म्हणजे ती लोंबत नाही आणि धुतली तरी आकार टिकतो.

बाहेरून पांढरी, बदामी, कुठलीही चालेल, पण कडेच्या खालचं अस्तर गडदच हवं. गडद हिरवं किंवा काळं, चमक नसलेलं. लोक आतही पांढरं लावतात, मग फरशीवरचा उजेड वर उडतो, अस्तरावर आपटतो आणि पुन्हा डोळ्यांतच येतो.

आणि तुला छान दिसायला हवं ना? तुझ्या गावचं हिमरू, म्हणजे रेशीम-सुताचं नक्षीदार कापड, वापर. टोपीच्या घेराला दोन बोटं रुंद हिमरूची पट्टी लावायची. कुर्तीवरही शोभेल, साडीवरही. हिमरू कुठलं, कसं विणतात, हे लोक आपणहून विचारतील.

ऋतुजा_व
मीनाताई!! हे फार आवडलं. हिमरूचा तुकडा घरात आहे, आईच्या जुन्या शालीचा. पण आत जाताना टोपीचं काय करू? एका हातात टॉर्च असतो, दुसऱ्यात टॅब.

मीना_शिवणकाम
हनुवटीखालून दोरी आणि तिच्यात सरकता मणी. आत गेलीस की टोपी मागे ढकलायची, पाठीवर लोंबते. दोरी हिमरूच्या रंगाची घे. आईची शाल मात्र किनारीकडून काप, मधली बुट्टी वाया घालवू नकोस.

सागर_के
छत्री का नाही घेत? रंगीत छत्री उंच धरली की गर्दीत लोकांना गाईड लांबूनच दिसतो. मी जपानला गेलो होतो, तिथे गाईडच्या हातात झेंडा होता.

ऋतुजा_व
हात रिकामा नसतो हो. आणि सुट्टीच्या दिवशी कैलासाच्या प्रदक्षिणेत छत्री उघडली तर कुणाच्या तरी डोळ्यांत काडी जाईल.

भटकभवानी
अजून एक सांगते, फुकटात होणारं. उन्हातून आत जायच्या आधी एक डोळा मिनिटभर मिटून ठेवायचा आणि आत गेल्यावर उघडायचा. त्या डोळ्याला अंधारात पटकन दिसतं. किल्ल्यांवर भुयारात शिरताना आम्ही हेच करतो.

काचवाला
खरं आहे. अंधाराला पूर्ण सरावायला डोळ्यांना वीस ते तीस मिनिटं लागतात, पण एका मिनिटानेही फरक पडतो. फक्त एक डोळा मिटलेला असताना खोलीचा अंदाज चुकतो, म्हणून ते उभं राहूनच करा, चालता चालता नको.

ऋतुजा_व
हे लोकांनाही करायला सांगेन, लहान मुलांना तर मजाच वाटेल. तर ठरलं. मंगळवारी लेणी बंद असतात, त्या दिवशी आधी डोळ्यांच्या डॉक्टरांकडे, मग टिंट टाकायला. मीनाताई, टोपीची मापं तुम्हाला निरोपातून पाठवते, तुम्हीच शिवून द्या. काचवाले काका, ग्रेडियंटला दुकानदार नाही म्हणाला तर काय सांगू?

काचवाला
लॅबमध्ये पाठवून करून द्या म्हणा. जागेवर होत नाही, चार-पाच दिवस लागतील. तोवर जुना चष्मा फेकू नका.

देशमुख_स
माझं अजूनही पोलराइज्डच.

नेहा_ठाणे
धाग्याचा विषय नाही, पण ऋतुजाताई, आम्ही डिसेंबरात मुलांना घेऊन येतोय. सोमवार-मंगळवार सुट्टी मिळतेय. दोन्ही लेणी होतील का?

ऋतुजा_व
होतील, क्रम उलटा लावू नका. अजिंठा सोमवारी बंद, वेरूळ मंगळवारी. म्हणून सोमवारी वेरूळ, मंगळवारी अजिंठा. सोमवारी दुपारी तीननंतर १६ नंबरला पोचा, तेव्हा ऊन समोरून पडतं आणि कोरीवकाम स्वच्छ दिसतं. मुलांना टोप्या आणा.