मदत हवी आहे : एसटीने जाऊन घाटवाट एका बाजूने चढणे व दुसऱ्या बाजूने उतरणे

नमस्कार. मी आणि माझी पत्नी कल्याणला राहतो. माझे वय ६७ असून पत्नी ६३ वर्षांची आहे. दोघांचीही डोंगरात चालण्याची सवय टिकून आहे, मात्र वेग पूर्वीचा राहिलेला नाही आणि मोठ्या उतारावर माझे गुडघे कुरकुर करतात. घरी चारचाकी आहे, पण पायथ्याला गाडी लावली की चढलो त्याच वाटेने उतरणे भाग पडते. कोकणातून घाट चढावा, देशावरच्या एखाद्या गावात एसटी धरावी आणि तिसऱ्याच रस्त्याने घरी यावे, हा आनंद गाडीवाल्याच्या नशिबी नाही. शिवाय मला ज्येष्ठ नागरिक म्हणून आणि पत्नीला मार्च २०२३ पासूनच्या महिला सन्मान योजनेमुळे अर्धेच तिकीट पडते, ही गोष्टही निवृत्तिवेतनधारकाने विसरण्यासारखी नाही.

नोव्हेंबर ते फेब्रुवारी या काळात तीन वाटा करण्याचा विचार आहे. पहिली नाणेघाटाची : कल्याणहून मुरबाड-टोकावडेमार्गे वैशाखरे, तेथून घाट चढून घाटघर, आणि घाटघरहून एसटीने जुन्नर. दुसरी हरिश्चंद्रगडाची : माळशेज घाट चढून गेल्यावर खुबी फाट्यावर उतरायचे, खिरेश्वरहून टोलार खिंडीमार्गे गड गाठायचा, वर मुक्काम करून दुसऱ्या दिवशी पाचनईला उतरायचे आणि राजूर, घोटी असे करत कसाऱ्याला येऊन लोकल पकडायची. तिसरी भीमाशंकरची : कर्जतहून खांडस, तेथून गणेश घाटाने वर, आणि भीमाशंकरहून पुण्याची गाडी.

वाटांची माहिती पुरेशी जमा केली आहे. अडते ते गाड्यांपाशी. आरक्षणाच्या अॅपवर लांब पल्ल्याच्या गाड्या दिसतात, परंतु घाटघर, पाचनई किंवा खांडस यांसारख्या गावांच्या फेऱ्या तेथे सापडत नाहीत. समाजमाध्यमांवर स्थानकांतील वेळापत्रकाच्या फलकांची छायाचित्रे फिरत असतात, पण ती कोणत्या वर्षीची, हे कोणी लिहीत नाही. एका स्थानकावर दूरध्वनी केला असता “गाडी आहे, पण भरवसा धरू नका,” असे उत्तर मिळाले, जे प्रामाणिक असले तरी आमच्या उपयोगाचे नव्हते.

तेव्हा जाणकारांना विनंती अशी की, या तीन वाटांच्या दिशा एसटीच्या सोयीने योग्य आहेत का, आडवाटेच्या गावाची फेरी दुसऱ्या दिवशी नक्की सुटणार की नाही हे आदल्या दिवशी कसे समजून घ्यावे, आणि शेवटची गाडी हुकलीच तर त्या त्या ठिकाणी काय करता येईल, हे कृपया सांगावे. खासगी जीप पूर्ण भाड्याने करून जाण्याचे पर्याय माहीत आहेत; ते सध्या नकोत.

प्रतिसाद (जुन्नरहून)

नाणेघाटाची दिशा उलटी करावी, असे माझे स्पष्ट मत आहे. आपल्या योजनेत सकाळी हमरस्त्याची भरवशाची गाडी आहे आणि दिवसभर चालून दमल्यावर संध्याकाळी घाटघरच्या एका बेभरवशाच्या फेरीवर सारी भिस्त आहे. त्याऐवजी आदल्या दिवशी दुपारी जुन्नरला यावे, शिवनेरी पाहावा, जुन्नरला किंवा लेण्याद्रीच्या भक्तनिवासात मुक्काम करावा आणि सकाळच्या गाडीने घाटघरला जावे. ती गाडी आली नाही तर आपण जुन्नर स्थानकावर, चहाच्या टपरीसमोर आणि हाताशी अख्खा दिवस असताना अडकता. वडापने (वाटणीच्या जीपने) पुढे जाता येते किंवा बेत बदलता येतो. खाली वैशाखऱ्याला उतरल्यावर तर कल्याण-आळेफाटा रस्ताच लागतो. तेथे मुरबाड आणि कल्याणकडे जाणारे काही ना काही संध्याकाळपर्यंत मिळत राहते.

फेरीची खात्री करण्याबद्दल. जुन्नरला स्थानक आहे, पण आगार नारायणगावचे. त्यामुळे आगाराला दूरध्वनी करण्यापेक्षा जुन्नर स्थानकावरील नियंत्रकांना प्रत्यक्ष भेटणे बरे. “घाटघरला गाडी आहे का?” असे विचारले तर उत्तर “आहे” असेच येणार, कारण कागदावर ती असतेच. विचारावे ते असे : सकाळची फेरी शाळेसाठी आहे का, उद्या शाळेला सुट्टी आहे का, आणि आज मुक्कामी गाडी गेली आहे का. शाळेवर चालणाऱ्या फेऱ्या दिवाळीच्या सुट्टीत आणि रविवारी बहुधा बंद असतात. मुक्कामी गाडी मात्र रात्री गावात थांबते आणि पहाटे निघते. चालक-वाहक गावातच झोपलेले असल्यामुळे ती सहसा चुकत नाही. गावातून बाहेर पडण्यासाठी तिच्याइतकी खात्रीची गाडी दुसरी नाही.

एक सावधगिरी. घाटघर नावाची दोन गावे आहेत : एक आमच्या जुन्नर तालुक्यात नाणेघाटाच्या माथ्याजवळ आणि दुसरे अकोले तालुक्यात भंडारदऱ्याच्या मागे. चौकशी करताना “नाणेघाटाचे घाटघर” असेच म्हणावे.

घाटघरपासून माथ्यापर्यंत साधारण तासाभराची सपाट चाल आहे आणि डाव्या हाताला जीवधन किल्ला सोबत करतो. माथ्यावरचा दगडी रांजण बहुतेक जण पाहतात आणि त्यात जकातीची नाणी टाकत असत ही कथा सांगून पुढे निघतात. आपण मात्र खिंडीत उतरल्यावर लगेच लागणाऱ्या लेण्यात थोडा वेळ बसावे. डावी-उजवीकडच्या भिंतींवर सातवाहन राणी नागनिकेचा ब्राह्मी लेख आहे. अक्षरे पुष्कळ झिजली आहेत, पण तिरपी उन्हे आत आली की ओळी उठून दिसतात, आणि त्यात केलेल्या यज्ञांच्या दक्षिणांचे आकडे कोरलेले आहेत. मागच्या भिंतीवर राजघराण्यातील व्यक्तींच्या मूर्ती होत्या, त्या आता नाहीत, त्यांची नावे आणि पायांचे अवशेष तेवढे उरले आहेत.

उतार जुन्या फरसबंदीचा आहे. पावसाळा संपल्यावर दगड कोरडे असतात, तरी काठी हवीच. आपल्या वेगाने तीन तास धरावेत.

प्रतिसाद (अकोल्याहून; विदर्भातील अकोला नव्हे, अहिल्यानगर जिल्ह्यातील अकोले)

बेभरवशाची गाडी सकाळी धरावी हा वरील नियम नाणेघाटाला चपखल बसतो, पण हरिश्चंद्रगडाला तो लावू नये. दिशा उलटी केल्यास आपल्याला टोलार खिंडीच्या वरचा कातळटप्पा उतरावा लागेल. तेथे लोखंडी कठडे बसवले आहेत आणि चढताना तो टप्पा त्रास देत नाही. परंतु पाठीवर मुक्कामाचे ओझे आणि कुरकुरणारे गुडघे घेऊन तो उतरणे, आणि त्यानंतर खिरेश्वरपासून खुबी फाट्यापर्यंत धरणाच्या कडेने पाचेक किलोमीटर पायपीट करणे, हे मी आपल्याला सुचवणार नाही. पाचनईची वाट सर्वांत सोपी आहे. खिरेश्वरहून गडावर पोहोचण्यास आपल्याला सहा तास लागले, तर पाचनईला उतरण्यास दोन-अडीच तास पुरतील. म्हणून मूळ दिशाच ठेवावी आणि बेभरवशाच्या गाडीवर दुसरा उपाय करावा.

तो उपाय म्हणजे वेळ. कोकणकडा आदल्या दिवशी सूर्यास्ताला पाहून घ्यावा, केदारेश्वराच्या गुहेचे दर्शन सकाळी लवकर आटोपावे आणि दहाच्या आत पाचनईत उतरावे. दुपारची राजूर गाडी मिळाली तर उत्तम. नाही मिळाली तर जेवण करून गावातच राहावे आणि सकाळी मुक्कामी गाडीने निघावे. पाचनईत घरगुती जेवणाची आणि राहण्याची सोय होते. बाजरीची भाकरी आणि पिठले मिळाल्यावर गाडी हुकल्याचे दुःख फार वेळ टिकत नाही. थोडक्यात, दोन दिवसांच्या सहलीसाठी हाताशी तिसरा दिवस ठेवूनच घरातून निघावे. ज्यांना सोमवारी कामावर हजर व्हायचे असते त्यांना हे परवडत नाही, आपल्याला परवडेल.

हा परिसर कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्यात येतो. पाचनईच्या नाक्यावर वनविभागाचे प्रवेशशुल्क घेतात. आपण वरून उतरणार असल्याने मुक्कामाचे नियम आधीच विचारून ठेवावेत, कारण तंबू आणि शेकोटीबाबतचे निर्बंध बदलत असतात.

नावांचा घोळ आमच्याकडेही आहे. आपल्याला हवे आहे ते राजूर. आळेफाट्याजवळ राजुरी नावाचे वेगळे गाव आहे आणि गर्दीत पाटी वाचताना दोन्ही सारखीच दिसतात. राजूरहून घोटीकडे जाताना वाटेत बारी लागते, म्हणजे कळसूबाईचा पायथा. पुढच्या खेपेला केवळ एसटीने करण्यासारखे १६४६ मीटरचे ते शिखर आहे आणि रस्ता गावाला लागूनच असल्यामुळे गाड्यांची चिंता जवळजवळ नाही.

मूळ प्रश्नकर्ता

दोघांचेही मनापासून आभार. दोन वाटांना दोन वेगळे न्याय लागतील, हे लक्षात आले नव्हते. नाणेघाट जुन्नरच्या बाजूने उतरत्या दिशेने आणि हरिश्चंद्रगड तिसरा दिवस राखून, असे ठरवतो. पत्नीने केवळ पिठल्याच्या भरवशावर तिसऱ्या दिवसास संमती दिली आहे. खुबी फाट्याबद्दल एक शंका उरते : लांब पल्ल्याची गाडी तेथे थांबवतात का, आणि तिकीट कोठपर्यंतचे घ्यावे? भीमाशंकरबद्दलही कोणी लिहिल्यास बरे होईल.

प्रतिसाद (निवृत्त वाहक)

एसटीचे भाडे टप्प्याने आकारतात आणि एक टप्पा सहा किलोमीटरचा असतो. फाट्याच्या नावाचे तिकीट नसेल तर पुढच्या टप्प्याचे द्यावे लागते. त्यात वाहकाने जास्त घेतले असे समजू नये. साधी गाडी फाट्यावर थांबते. जलद गाडीचे मात्र चढण्यापूर्वीच विचारून घ्यावे, आणि तिकीट काढतानाच “खुबी फाट्याला उतरायचे आहे, ज्येष्ठ नागरिक आहोत” असे सांगून ठेवावे. फाटा दिसल्यावर जागेवरून ओरडणाऱ्या प्रवाशासाठी घाटरस्त्यावर एकदम ब्रेक मारता येत नाही. सवलतीसाठी आधारकार्ड वरच्या खिशात असावे. पिशवीच्या तळातून ते निघेपर्यंत पाच उतारू खोळंबतात. सुटे पैसे आणावेत, हे सांगायला नको, तरी सांगतो.

फाट्यावर परतीची गाडी धरताना वळणाच्या तोंडाशी उभे राहू नये. चालकाला आपण दुरून दिसू आणि गाडी बाजूला घेता येईल, अशा सरळ जागी उभे राहून हात करावा. अंधार पडला असेल तर विजेरी स्वतःच्या हातावर किंवा कपड्यांवर धरावी, चालकाच्या डोळ्यांवर नव्हे.

भीमाशंकरच्या बाबतीत आपली दिशा बरोबर आहे. वर तीर्थक्षेत्र असल्याने स्थानकावरून पुण्याच्या गाड्या दिवसभर असतात आणि चढाईचा शेवट भरवशाच्या टोकाला होतो. कर्जतहून खांडसची थेट फेरी जमली नाही तर काशेळेपर्यंत यावे. तेथून पुढे वाटणीच्या रिक्षा मिळतात. शिडी घाटाच्या वाटेला जाऊ नये. गणेश घाट लांबचा आहे, पण पाऊलवाट रुंद आणि चढ सुसह्य आहे. चार-पाच तास लागतील, म्हणून खांडसहून आठच्या सुमारास चालू लागावे. महाशिवरात्र फेब्रुवारीत आली तर तो आठवडा टाळावा, कारण त्या दिवसांत जादा गाड्या सोडल्या तरी रांगेतच संध्याकाळ होते. पुण्याची गाडी “शिवाजीनगर” अशा पाटीची असली तरी मेट्रोच्या कामापासून ती वाकडेवाडीच्या स्थानकावर जाते. तेथून शिवाजीनगरचे रेल्वे स्थानक जवळ आहे, परंतु कल्याणला थांबणारी रेल्वेगाडी पुणे स्थानकावरून पकडणे आपल्याला अधिक सोयीचे पडेल.